दोन पंच, दोन निर्णय : अंतिम शब्द कोणाचा?

वाराणसीच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या मैदानावर फेब्रुवारी २०१९ मध्ये एक आगळा क्रिकेट सामना रंगला होता. धोतर-कुर्ता परिधान केलेले, कपाळी त्रिपुंड्र लावलेले संस्कृत पाठशाळांचे विद्यार्थी चेंडू फेकत होते, फटके मारत होते आणि सामन्याचे धावते वर्णन संस्कृत भाषेतून केले जात होते. देशभरातील वृत्तवाहिन्यांनी या सामन्याची कौतुकाने दखल घेतली. वेश बदलला, भाषा बदलली; परंतु एक गोष्ट मात्र बदलली नाही. मैदानावर पंच होते आणि बाद की नाबाद हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडेच होता.

खेळ कोणताही असो, खेळाडूंनी पंचांचा निर्णय मानावा, ही शिकवण शाळेच्या मैदानापासून दिली जाते. मात्र मैदानावर पंच एक नसून दोन असतील आणि एकाच घटनेवर दोघांनी परस्परविरोधी निर्णय दिले, तर खेळाडूने कोणाचे ऐकावे? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर आधीच ठरलेले नसेल, तर अर्ध्या मिनिटात सामन्याचा आखाडा होतो. या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट विचार ज्या खेळांत झाला, त्यांत बेसबॉल आणि त्याचे धाकटे भावंड असलेला सॉफ्टबॉल यांचा समावेश होतो.

प्रौढांचा आवडता ‘स्लोपिच’

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात, फॅरागट बोट क्लबच्या सभागृहात झाला. हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून निघालेला हा खेळ पुढे मैदानावर आला आणि जगभर पसरला. महिलांच्या सॉफ्टबॉलला १९९६ ते २००८ या काळात आणि पुन्हा टोकियो स्पर्धेत ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. भारतात शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांमुळे हा खेळ परिचित आहे आणि महाराष्ट्रातही तो जिल्ह्या-जिल्ह्यांत खेळला जातो.

या खेळाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ‘फास्टपिच’मध्ये पिचर खालच्या हाताने, परंतु अतिशय वेगाने चेंडू टाकतो. ‘स्लोपिच’मध्ये वेगाला वाव नाही, चेंडूला कमान द्यावी लागते. अमेरिकेतील प्रचलित नियमांनुसार ही कमान जमिनीपासून किमान ६ फूट आणि कमाल १० फूट उंचीची असावी लागते. क्षेत्ररक्षणास नऊऐवजी दहा खेळाडू असतात. फलंदाजाला चेंडू मारणे तुलनेने सोपे जाते; त्यामुळे नोकरी-व्यवसाय सांभाळून सुटीच्या दिवशी खेळणाऱ्या प्रौढांमध्ये हा प्रकार विशेष लोकप्रिय आहे.

चेंडू मारणे सोपे असल्याने बहुतेक फटके मैदानात जातात. धावक धावतात, झेल उडतात, चेंडू एका बेसवरून दुसऱ्या बेसवर फेकला जातो. थोडक्यात, पिचरचे काम हलके होते आणि पंचांचे वाढते. अशा सामन्यांना बहुधा दोनच पंच असतात. एक कॅचरच्या मागे, होम प्लेटपाशी उभा राहतो. तो प्लेट पंच, म्हणजेच मुख्य पंच. दुसरा मैदानात बेसपाशी असतो. तो बेस पंच. चार बेस, दहा क्षेत्ररक्षक, तीनपर्यंत धावक आणि डोळ्यांच्या दोन जोड्या, असा हा हिशेब आहे.

एक प्रसंग

समजा, सातवा म्हणजे शेवटचा डाव सुरू आहे. फलंदाजी करणाऱ्या संघाचा एक खेळाडू बाद आहे आणि एक धावक दुसऱ्या बेसवर उभा आहे. फलंदाजाने चेंडू डावीकडे जोरात मारला. क्षेत्ररक्षकाने सूर मारून चेंडू जमिनीलगत पकडला. तो हातमोज्यात थेट आला की टप्पा पडून आला?

प्लेट पंचांनी हात उंचावून फलंदाज झेलबाद असल्याची खूण केली. त्याच क्षणी बेस पंचांनी दोन्ही हात आडवे पसरून झेल नसल्याचे जाहीर केले. झेल असेल, तर दुसऱ्या बेसवरील धावकाला परत फिरून बेसला स्पर्श करावा लागतो. झेल नसेल, तर त्याने पुढे धावायचे असते. त्याने बेस पंचांकडे पाहिले आणि तो धावला. क्षेत्ररक्षकाने प्लेट पंचांकडे पाहिले आणि चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकला. तेथील खेळाडूने चेंडू हातात घेऊन बेसवर पाय ठेवला. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या मते दोघे बाद झाले आणि डाव संपला. फलंदाजी करणाऱ्या संघाच्या मते कोणीच बाद नाही.

येथे खेळाडूंपैकी कोणाचीही चूक नाही. दोघांनीही पंचांचाच निर्णय मानला. फक्त वेगवेगळ्या पंचांचा. म्हणूनच हा प्रसंग साध्या चुकीच्या निर्णयापेक्षा अधिक अवघड ठरतो. चुकीचा निर्णय एका संघावर अन्याय करतो. परस्परविरोधी निर्णय मात्र खेळाडूंच्या पायांखालची जमीनच काढून घेतात.

नियम काय सांगतात?

सॉफ्टबॉलच्या नियमांचा पाया पुढील तत्त्वांवर उभा आहे. पहिले तत्त्व अधिकारक्षेत्राचे. दुसऱ्या पंचाने आपल्या कक्षेत दिलेला निर्णय रद्द करण्याचा किंवा त्यावर जाहीर शंका घेण्याचा अधिकार कोणत्याही पंचाला नाही. मुख्य पंचालाही नाही. मुख्य पंच म्हणजे वरिष्ठ न्यायालय नव्हे, ही बाब अनेक खेळाडूंच्या लक्षात येत नाही.

दुसरे तत्त्व सल्ल्याचे. पंच केव्हाही आपल्या सहकाऱ्याचे मत विचारू शकतो. मात्र ज्याच्या कक्षेतील तो निर्णय आहे आणि ज्याने मत विचारले, अंतिम निर्णय त्याचाच राहतो. सहकाऱ्याने आपण होऊन मैदानात धावत येऊन निर्णय फिरवू नये, असा याचा अर्थ आहे.

मात्र वरील प्रसंगात दोघांनीही निर्णय देऊन टाकलेला आहे. अशा वेळी पुढचे तत्त्व लागू होते. बेसबॉलच्या नियमपुस्तकात त्याची कार्यपद्धती नेमकेपणाने दिलेली आहे आणि सॉफ्टबॉलमधील प्रथाही त्याच दिशेने जाते. एकाच घटनेवर वेगवेगळ्या पंचांनी वेगवेगळे निर्णय दिले, तर मुख्य पंचाने सर्व पंचांना एकत्र बोलवावे. या चर्चेच्या वेळी कोणताही खेळाडू अथवा व्यवस्थापक जवळ नसावा. चर्चेनंतर कोणता निर्णय कायम ठेवायचा हे मुख्य पंचाने ठरवावे आणि त्यासाठी दोनच निकष पाहावेत. घटना पाहण्यास सर्वांत योग्य जागी कोणता पंच होता? आणि कोणता निर्णय बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे? त्यानंतर जणू तो एकच निर्णय दिला गेला होता, अशा रीतीने खेळ पुढे सुरू होतो.

या निकषांत पंचाची ज्येष्ठता नाही, आवाज नाही आणि प्रथम खूण कोणी केली हेही नाही. मुख्य पंच येथे स्वतःच्या बाजूने कौल देण्यासाठी नेमलेला नसतो. दोन साक्षींपैकी अधिक भरवशाची साक्ष निवडणे, हे त्याचे काम. बेस पंच चेंडूपासून वीस पावलांवर असेल आणि मुख्य पंच साठ पावलांवर, तर स्वतःचाच निर्णय मागे घेणे हे मुख्य पंचाचे कर्तव्य ठरते.

निर्णय ठरला, धावकाचे काय?

निर्णय एक झाला तरी प्रश्न संपत नाही. धावक ज्या निर्णयावर विसंबून धावला, तोच चुकीचा ठरला असेल तर? सॉफ्टबॉलच्या नियमांनी यासाठी मुख्य पंचाला महत्त्वाचा अधिकार दिला आहे. पंचांचा निर्णय फिरल्यामुळे किंवा उशिरा दिला गेल्यामुळे धावक, फलंदाज अथवा क्षेत्ररक्षण करणारा संघ अडचणीत आला असेल, तर ती परिस्थिती दुरुस्त करता येते.

आपल्या प्रसंगात चर्चेअंती झेल वैध ठरला, असे मानू. फलंदाज बाद. परंतु दुसऱ्या बेसवरील धावक ‘झेल नाही’ ही खूण पाहून धावला होता. त्याला बाद देणे म्हणजे पंचांच्या चुकीची शिक्षा त्याला देणे होय. म्हणून त्याला दुसऱ्या बेसवर परत पाठविले जाते आणि दोन बाद अशा स्थितीत खेळ पुढे जातो. उलट, झेल नाही असे ठरले, तर फलंदाज आणि धावक यांना कोठे ठेवायचे हा प्रश्न येतो. अचूक निर्णय सुरुवातीसच दिला असता, तर ते कोणत्या बेसपर्यंत पोहोचले असते, याचा विचार पंचांना करावा लागतो. हा अंदाजच असतो. परंतु जबाबदारीने केलेला अंदाज.

येथे एक मर्यादाही आहे. चेंडू ‘फाउल’ असल्याचे जाहीर होताच खेळ थांबतो. खेळाडू धावणे सोडतात. त्यानंतर तो फाउल नव्हता असे लक्षात आले, तरी पुढे काय घडले असते हे सांगता येत नाही. म्हणूनच शंका असताना ‘फाउल’ची घाई करू नये, असे अनुभवी पंच नवोदितांना बजावतात. थांबलेला खेळ पुन्हा जिवंत करणे कठीण असते. चालू राहिलेला खेळ मागे नेता येतो.

निर्णयशक्ती आणि नियम यांतील भेद

पंचांच्या निर्णयाविरुद्ध तक्रार करता येते काय? याचे उत्तर निर्णयाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. झेल पकडला की नाही, धावक आधी पोहोचला की चेंडू, या गोष्टी पंचाच्या नजरेच्या आहेत. त्यांविरुद्ध अधिकृत निषेध नोंदविता येत नाही. पंचाने नियमाचा अर्थच चुकीचा लावला असेल, तर मात्र निषेध नोंदविता येतो. सर्वसाधारणपणे तो पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी नोंदवावा लागतो.

बेसबॉलच्या इतिहासातील दोन घटना हा भेद स्पष्ट करतात. २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्क येथे कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या डावात होमरन मारली. परंतु बॅटवर लावलेले राळेसारखे चिकट द्रव्य नियमापेक्षा अधिक लांबीपर्यंत असल्याचे सांगून पंचांनी त्याला बाद ठरविले आणि सामना संपला. कॅन्सस सिटीने निषेध नोंदविला. असा बॅट खेळातून काढून टाकावा, पण त्यावरून धावा रद्द करू नयेत, असा नियमाचा हेतू असल्याचे लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी मान्य केले. १८ ऑगस्ट रोजी सामना पुढे सुरू झाला आणि कॅन्सस सिटीने तो ५-४ असा जिंकला. पंचांची नजर येथे चुकली नव्हती. नियमाचा अर्थ चुकला होता.

याच्या नेमकी उलट घटना २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे घडली. आर्मांडो गॅलारागा या पिचरने सलग २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा बाद होताच त्याचा सामना ‘परिपूर्ण’ ठरणार होता. पहिल्या बेसवरील पंच जिम जॉइस यांनी त्या धावकाला ‘सेफ’ दिले. चित्रफीत पाहिल्यावर तो बाद असल्याचे स्पष्ट झाले. जॉइस यांनी चूक जाहीरपणे मान्य केली आणि गॅलारागाची क्षमा मागितली. तरीही निकाल बदलला नाही. कारण तो नजरेचा निर्णय होता. दुसऱ्या दिवशी प्लेट पंच म्हणून उभ्या असलेल्या जॉइस यांच्या हाती संघाची यादी देण्यासाठी स्वतः गॅलारागा गेला. मेजर लीग बेसबॉलने २०१४ पासून चित्रफितीच्या आधारे फेरतपासणीची व्याप्ती वाढविली.

आपल्या खेळांतील चार मार्ग

भारतीय वाचकाला अधिक परिचित असलेल्या खेळांनीही हाच प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. त्यांत चार मार्ग दिसतात.

पहिला मार्ग कामाच्या विभागणीचा. क्रिकेटमध्ये यष्टिचीत, स्वयंचीत आणि फलंदाजाच्या टोकाकडील धावबाद यांचे निर्णय स्क्वेअर लेगचे पंच देतात; उर्वरित अपिलांची उत्तरे गोलंदाजाच्या टोकाकडील पंच देतात. कक्षा वेगळ्या असल्याने संघर्षाचे प्रसंग मुळातच कमी येतात. सहकाऱ्याला अधिक चांगले दिसले असेल, तर पंचाने त्याचा सल्ला घ्यावा आणि सल्ल्यानंतरही शंका उरली तर फलंदाज नाबाद, असे क्रिकेटचे नियम सांगतात. सॉफ्टबॉलमध्ये शंकेचा असा आयता निकाल नाही. तेथे कोणाला तरी ठरवावेच लागते.

सल्ला कोणाचा घ्यावा, हेही महत्त्वाचे आहे. ६ जानेवारी २००८ रोजी सिडनी कसोटीच्या अखेरच्या दिवशी सौरव गांगुलीचा मायकेल क्लार्कने घेतलेला झेल वादग्रस्त ठरला. पंच मार्क बेन्सन यांनी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिकी पॉन्टिंग याला विचारून गांगुलीला बाद दिले. क्षेत्ररक्षकाचा शब्द मानावा, असा समझोता दोन्ही कर्णधारांत मालिकेपूर्वी झाला होता, हे खरे. तथापि, भारतीय प्रेक्षकांना खटकले ते हेच, की पंचाने दुसऱ्या पंचाऐवजी वादातील एका पक्षाला साक्षीदार केले. सॉफ्टबॉलमधील पंचांची चर्चा खेळाडूंपासून दूर का होते, याचे उत्तर या एका घटनेत सापडते.

दुसरा मार्ग अंतिम अधिकाऱ्याचा. खो-खोमध्ये मध्यरेषेने विभागलेल्या मैदानावर दोन पंच असतात आणि त्यांच्यात मतभेद झाल्यास सरपंच अंतिम निर्णय देतो. कबड्डीतही दोन्ही बाजूंना पंच असतात. त्यांचे एकमत न झाल्यास सरपंचाचा शब्द चालतो. मराठी मैदानांनी ‘सरपंच’ हा शब्द गावगाड्यातून उचलला, हे अर्थपूर्ण आहे. वाद मिटविण्यासाठी पंच आणि पंचांत एकमत नसेल तर सरपंच, ही रचना आपल्या समाजाला नवी नव्हती.

तिसरा मार्ग बहुमताचा. गादीवरील कुस्तीत रेफरी, जज आणि मॅट चेअरमन असे तिघे अधिकारी असतात. रेफरी आणि जज यांचे एकमत झाले, तर गुण लागतो. मतभेद झाला, तर मॅट चेअरमन दोघांपैकी एकाच्या बाजूने कौल देतो. विशेष म्हणजे मॅट चेअरमनला आपले मत प्रथम सांगता येत नाही. ज्येष्ठाने आधी तोंड उघडले, तर कनिष्ठ त्याचीच री ओढतील, हा मानवी स्वभाव नियमकर्त्यांनी ओळखला आहे.

चौथा मार्ग फेरतपासणीचा. क्रिकेटमधील तिसरे पंच, कबड्डीच्या व्यावसायिक लीगमधील फेरतपासणी, कुस्तीतील प्रशिक्षकाचे आव्हान, ही त्याची उदाहरणे. तंत्रज्ञान आले म्हणून मैदानावरील पंचांचे मत निरर्थक झाले नाही. मात्र त्याचे वजन बदलत गेले. झेलाबाबत तिसऱ्या पंचांकडे जाताना मैदानावरील पंचांनी आपले प्राथमिक मत सांगण्याची प्रथा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने जून २०२३ पासून बंद केली. दुरून न दिसलेल्या गोष्टीवर मत देण्याची सक्ती नको, हा त्यामागील विचार सॉफ्टबॉलच्या ‘योग्य जागी कोण होता’ या निकषाशी जुळणारा आहे.

मार्ग उपलब्ध असूनही तो विश्वासाने स्वीकारला गेला नाही, तर काय होते, याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्राने २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे पाहिले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागातील लढतीत चितपटीचा निर्णय अमान्य करून एका माजी विजेत्याने पंचाला लाथ मारली. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, चित्रफीत पाहावी, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न बाजूलाच राहिला. पंचाच्या अंगावर पाय उचलला गेला आणि मल्लाच्या कारकिर्दीतील मोलाची वर्षे पणाला लागली.

काशीतील निकालाविना वाद

पंचांचा आणि अंतिम निर्णयाचा हा विचार पुन्हा काशीकडे घेऊन जातो. शास्त्रार्थ म्हणजे विद्वानांचा जाहीर वाद ही या नगरीची जुनी परंपरा आहे. त्यालाही खेळासारखे नियम होते. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत. प्रतिज्ञा सोडून देणे, विषयांतर करणे, उत्तर न सुचणे अशा ज्या ज्या ठिकाणी वादी पराभूत मानावा, त्यांची ही यादी. आजच्या भाषेत, बाद होण्याचे हे बावीस प्रकार होत. परंतु ‘हा बाद झाला’ असे म्हणावयाचे कोणी? त्यासाठी मध्यस्थ हवा. आदी शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तीत मध्यस्थपदी मंडनमिश्रांची पत्नी होती. ती एका पक्षाच्या घरातील. तरीही दोघांनी तिला आधीच मान्य केले होते. आख्यायिकेचे मर्म त्या पूर्वसंमतीत आहे.

१६ नोव्हेंबर १८६९ रोजी काशीत दुर्गाकुंडाजवळील आनंदबागेत झालेल्या शास्त्रार्थात मात्र हीच बाब निसटली. एका बाजूला स्वामी दयानंद सरस्वती होते. दुसऱ्या बाजूला स्वामी विशुद्धानंद, ताराचरण तर्करत्न आणि काशीत ‘बालसरस्वती’ म्हणून मान पावलेले मराठी विद्वान बाळशास्त्री रानडे यांच्यासह अनेक पंडित. प्रतिमापूजेला वेदांचा आधार आहे काय, हा वादविषय होता. अध्यक्षस्थानी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह होते. वादात उतरलेले ताराचरण हे त्यांच्याच दरबारचे पंडित होते. सभा गोंधळात संपली. पंडितांच्या बाजूने विजयाचा घोष झाला. दयानंदांच्या अनुयायांनी तो मानला नाही. पुढे दोन्ही बाजूंनी आपापले वृत्तांत प्रसिद्ध केले आणि प्रत्येकात विजेता वेगळा होता.

वादविषयाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मैदानाच्या दृष्टीने पाहता एवढेच दिसते, की दोन्ही पक्षांत विद्वत्तेची उणीव नव्हती आणि पराभवाचे नियमही शास्त्रात तयार होते. उणीव होती ती दोघांनी आधीच मान्य केलेल्या मध्यस्थाची. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षांनंतरही त्या दिवसाचे दोन निकाल शिल्लक आहेत. योगायोग असा, की बाळशास्त्री ज्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करीत, त्या १७९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचेच पुढे संस्कृत विश्वविद्यालय झाले. आणि धोतर नेसलेल्या क्रिकेटपटूंचा सामना तिच्याच मैदानावर झाला.

सामन्यापूर्वीची पाच मिनिटे

राष्ट्रीय स्पर्धांना प्रशिक्षित पंच, सरपंच आणि चित्रफिती लाभतात. प्रश्न उभा राहतो तो गावोगावच्या, गृहसंकुलांच्या आणि कार्यालयांच्या स्पर्धांत. तेथे पंच हा बहुधा कोणाचा तरी सहकारी, शेजारी किंवा नातलग असतो. तो मानधनासाठी नव्हे, तर विनंतीला मान देऊन उभा राहतो. एकदा अपमान झाला, तर तो पुन्हा येत नाही. पुढच्या रविवारी खेळ थांबतो तो खेळाडूंच्या अभावी नव्हे, पंचांच्या अभावी.

यावरील उपाय खर्चिक नाही. नाणेफेकीपूर्वी दोन्ही पंचांनी दोन्ही कर्णधारांना बोलावून पाच मिनिटे द्यावीत. मुख्य पंच कोण, कोणत्या बाजूचा झेल कोण पाहणार, कोणत्या बेसचा निर्णय कोणाचा, हे सर्वांदेखत सांगावे. दोन खुणा वेगळ्या झाल्यास पंच बाजूला जाऊन बोलतील, त्या वेळी कोणीही जवळ येणार नाही आणि त्यानंतर मुख्य पंचाचा शब्द अंतिम असेल, यावर कर्णधारांची संमती घ्यावी. पंचांनीही आपसांत ठरवावे, की दुसऱ्याच्या कक्षेतील घटनेवर खूण करायची नाही आणि नजरानजर झाल्याशिवाय घाई करायची नाही.

वाद झालाच, तर चर्चा थोडक्यात आटोपावी. कोणी काय पाहिले एवढेच विचारावे. कोणाला काय वाटते हे नव्हे. ‘माझ्या मधे क्षेत्ररक्षकाची पाठ होती, मला चेंडू दिसला नाही,’ असे सांगणारा पंच कमजोर ठरत नाही. निर्णय ठरल्यावर तो मुख्य पंचाने स्वतः मोठ्याने जाहीर करावा, धावकांना कोठे ठेवले आणि का, हे दोन्ही कर्णधारांना सांगावे आणि लगेच खेळ सुरू करावा.

पंचांचा निर्णय नेहमी अचूकच असेल, असे कोणताही नियम म्हणत नाही. तो एक असावा आणि तो कोणाचा हे आधी ठाऊक असावे, एवढीच नियमांची अपेक्षा असते. हरलेल्या संघाला निकाल पचविणे जड जाते. परंतु निकालच दोन असतील, तर जिंकलेल्यालाही तो पचत नाही. आनंदबागेतील त्या सायंकाळी कोण जिंकले, हे आजही ऐकणाऱ्याच्या पक्षावर ठरते. रविवारच्या सामन्याचे तसे होऊ नये, यासाठी पाच मिनिटे पुरेशी आहेत.